हॉलसाठी गालिचा घ्यायचाय : कुठला, केवढा आणि मुळात घ्यावा का?

चांदणचुरा
मंडळी, नव्या घराचा हॉल साधारण ११ बाय १६ फूट आहे. खाली पांढरट व्हिट्रिफाइड टाइल्स, वर एल आकाराचा सोफा. थंडीत फरशीवर पाय ठेववत नाही आणि एरवीही हॉल उघडाबोडका वाटतो, म्हणून गालिचा घ्यायचं डोक्यात आलंय. ऑनलाइन बघायला बसले आणि चक्रावून गेले. एकाच मापाचा गालिचा दोन हजारांनाही आहे आणि पन्नास हजारांनाही. फोटोत मला तरी दोन्ही सारखेच दिसतात.

घरात तीन वर्षांचा मुलगा (हातात कायम काहीतरी सांडण्याजोगं) आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत. लोकर, कॉटन, ज्यूट की पॉलिप्रॉपिलीन? माप कसं ठरवायचं? बजेट वीस हजार, फार तर थोडं ताणू. पुण्यात प्रत्यक्ष बघून कुठे घेता येईल तेही सांगा. घेऊच नये असं मत असेल तर तेही चालेल, पण कारणासकट.

खडूस_पेठकर
घेऊ नये. कारण : धूळ.

मिरजेची_मावशी
पेठकर, दुपारची झोप मोडली का आज?

चांदणचुरा, दुकानात जायच्या आधी एक कर. कपाटातली डबल बेडची चादर काढ आणि सोफ्यासमोर अंथर. ती साधारण साडेसात बाय नऊ फूट भरते. सिंगलची चादर पाच बाय साडेसात. दोन्ही आलटून पालटून अंथर आणि तशाच ठेवून घरात नेहमीसारखे वावरा. बाल्कनीचं दार अडतंय का, टीपॉय कुठे येतो, सासूबाई कुठून जातात-येतात, सगळं आपोआप कळेल. लोक हमखास लहान माप घेतात. पाच बाय तीनचा तुकडा मधोमध टाकला की पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटासारखा दिसतो. सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी गालिच्यावर यायला हवेत.

ओसाडगावकर
थोडक्यात, अंथरूण पाहून सोफ्याने पाय पसरावे.

झिम्मा
+१ मावशी. आम्ही फरशीवर खडूने रेघा मारल्या होत्या. मुलांनी त्यातच लंगडी सुरू केली आणि माप राहिलं बाजूला.

ताणाबाणा
काही वर्षं या धंद्यात होतो, उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरच्या बाजूला, निर्यातीच्या कामात. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

किमतीतला फरक समोरून बघून कळत नाही. गालिचा उलटा करा. पाठच सगळं सांगते.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी मागून जवळजवळ पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. नीट बघितलं तर एकेक गाठ वेगळी कळते आणि ओळी किंचित वरखाली असतात. त्याची झालर म्हणजे ताण्याचेच (विणीतल्या उभ्या धाग्यांचेच) सुटे सोडलेले धागे, वेगळी शिवलेली नसते. ती अलगद उलगडून मुळाशी बघा. धागे गालिच्याच्या आतून येत असतील तर ठीक. कडेला शिवण दिसली तर समजायचं ते समजा.

दुसरा प्रकार टफ्टेड. यात ताणून बसवलेल्या कापडात पिस्तुलासारख्या यंत्राने लोकर टोचत जातात. ती सुटू नये म्हणून मागे लेटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर देतात आणि तो झाकायला वरून आणखी एक कापड चिकटवतात. मागे असं साधं कापड दिसलं की टफ्टेड. विक्रेता त्याला ‘हँडमेड’ म्हणतो. ते खोटं नाही, यंत्र माणसाच्याच हातात असतं. पण गाठींच्या गालिच्याचं आयुष्य त्याला नाही. काही वर्षांनी लेटेक्स वाळून भुगा पडायला लागतो, खालच्या फरशीवर पिवळट पीठ दिसतं. हलक्या मालाला रबराचा वासही येतो. त्यामुळे गाठींच्या भावात टफ्टेड घेऊ नका, एवढंच.

तिसरा मशीनवरचा. पाठ एकसारखी, कडा ओव्हरलॉक केलेल्या, धागा बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर. लहान मुलाच्या घरात हा काही वाईट नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी धरत नाही, डाग लवकर निघतो. फक्त तुडवून तुडवून त्याचे तंतू एकदा बसले की लोकरीसारखे परत उभे राहत नाहीत.

चौथी आपली सतरंजी किंवा दरी. सपाट विणीची, दोन्हीकडून वापरता येणारी.

आता पन्नास हजार का, ते. ६ बाय ९ फुटांचा गालिचा घ्या. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या, आणि ही काही फार बारीक वीण नव्हे, तरी पावणेआठ लाखांच्या वर गाठी होतात. दिवसाला सहा-सात हजार गाठी मारणारा हात चांगला म्हणायचा. म्हणजे एकट्या विणकराचे शंभराहून जास्त दिवस. त्यावर लोकर, रंगाई, धुलाई, कातरणी आणि दुकानदाराचा नफा. तेव्हा वीस हजारांत नवा ६ बाय ९, ‘शुद्ध लोकर, हाताच्या गाठी’ असं कोणी सांगितलं तर त्याला गालिचा उलटा करायला सांगा.

झिम्मा
ताणाबाणा, जबरदस्त प्रतिसाद. ते बांबू सिल्क काय असतं? मऊ लागतं आणि चमकतंही छान.

ताणाबाणा
व्हिस्कोस, म्हणजे झाडांच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा. बांबू सिल्क, आर्ट सिल्क, बनाना सिल्क अशा नावांखाली बहुतेक वेळा तोच धागा असतो. दिसायला देखणा, पण पाण्याचा वैरी. साधं पाणी सांडलं तरी वाळल्यावर पिवळट कडा उमटते आणि तेवढ्या जागेचे तंतू कडक होतात. तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात अजिबात नको.

धाग्याची खात्री करायची असेल तर गालिच्यातून एक तंतू ओढून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं.

ओसाडगावकर
म्हणजे गालिच्याच्या दुकानात काडेपेटी घेऊन जायचं. बातमीत आमचं नाव येऊ देऊ नका.

ताणाबाणा
तंतू मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा हो. नवीन लोकरीच्या गालिच्याचे तंतू तसेही गळत असतात. ते गळणं काही महिन्यांत कमी होतं, त्यावरून माल वाईट ठरवू नका.

कृष्णाकाठ
सगळे भदोही आणि काश्मीरला जाऊन पोचले, घरच्या वस्तूचं कोणी नावच काढेना. आमच्याकडे कोल्हापूर-बेळगावकडे हॉलमध्ये जमखाना असायचा. नवलगुंदचा. हे गाव धारवाड जिल्ह्यात, तिथल्या जमखान्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे. उभ्या मागावर बायका विणतात. जाड सुती वीण, ठसठशीत लाल-पिवळे-हिरवे रंग, मोर आणि सारीपाटाची नक्षी. विणायची कला घराबाहेर जाऊ नये म्हणून मुलींना न शिकवता सुनांना शिकवायची, अशी तिथे रीत होती. आता विणणाऱ्या फार थोड्या उरल्यात, त्यामुळे मिळायला कठीण. पण मिळाला तर डोळे झाकून घ्या. आमच्या आजीचा जमखाना तीन लग्नं, एक मुंज आणि असंख्य भजनं सोसून अजून धड आहे.

दुसरं म्हणजे जेन. हे विणत नाहीत. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी मारून दाबत, लाटत, थापत घट्ट करायची, की झालं जाजमासारखं. बसायला इतकं ऊबदार दुसरं काही नाही. घोंगडी तर आहेच, दख्खनी मेंढीची काळी लोकर आणि चिंचोक्याची खळ. नवीन घोंगडी मात्र टोचते, लहान मुलाच्या उघड्या पायांना सुरुवातीला नकोशी वाटेल.

खडूस_पेठकर
घोंगडीवर सोफा ठेवणार का आता?

कृष्णाकाठ
पेठकर, सोफा काढून टाका आणि घोंगडीवर बसा. गुडघे सुधारतील.

गवती_चहा
गुडघ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरात पडून मांडीचं हाड मोडलेले आजी-आजोबा माझ्याकडे नेहमी येतात, आणि ‘कशाने पडलात’ विचारलं की ओली फरशी आणि घसरलेलं पायपुसणं किंवा दुमडलेली सतरंजी ही उत्तरं वारंवार ऐकते. त्यामुळे चांदणचुराताई, सासूबाईंसाठी एवढं बघाच.

त्या रात्री ज्या वाटेने बाथरूमला जातात, त्या वाटेत काहीही अंथरलेलं नको. गालिच्याची कड चालायच्या वाटेत मध्येच येऊ देऊ नका. एकतर पूर्ण वाट गालिच्यावर यावी किंवा पूर्ण बाहेर राहावी. व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी तर हमखास सरकते, तेव्हा खाली जाळीचा रबरी अंडरले हवाच. दोन बाजू सोफ्याखाली दाबल्या जातील असा ठेवा. जाड, लांब केसांचा शॅग प्रकार काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांच्या घरी नको, त्यात काठीचं टोक रुततं.

आणि हॉलभर सुटी सुटी छोटी मॅट्स टाकण्यापेक्षा एकच मोठा गालिचा कधीही सुरक्षित.

चांदणचुरा
गवती_चहा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. चादरी अंथरल्यात. सासूबाईंनी ‘धुणं खाली का पडलंय’ म्हणून दोनदा उचलून ठेवल्या, हा भाग वेगळा.

सागरगोटा
रत्नागिरीहून. कोकणात असाल तर ज्यूटच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या पावसात वास, दुसऱ्या पावसात बुरशी. ज्यूट पाणी पितं आणि सोडायचं नाव घेत नाही, वर कुसळं गळतात ती वेगळीच. आम्ही जून लागला की सगळं गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि नवरात्राच्या आधी काढतो. घडी घालायची नाही, घडीवर वीण तुटते. गुंडाळीच करायची, तीही दोन-तीन उन्हं दाखवून झाल्यावर. ओलसर गुंडाळला तर ऑक्टोबरात निघेल तो गालिचा नसेल, काहीतरी जिवंत असेल.

लोकरीला कसर लागते. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंड किंवा डांबराच्या गोळ्या. घरात लहान मूल असेल तर गोळ्या टाळा.

पायाला_भिंगरी
काश्मीरचा विषय निघाला म्हणून विचारते. श्रीनगरला ड्रायव्हरने आपणहून एका दुकानात नेलं. कहवा आला, मग माणसं गालिचे उलगडत सुटली. एकाने गालिचा उचलून गर्रकन फिरवला तर रंग बदलला! एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिका. ‘मॅडम, असली सिल्क का यही सबूत है.’ आम्ही कहवा पिऊन निघालो, पण हा पुरावा खरा आहे का?

ताणाबाणा
रंग बदलतो हे खरं, पण तो रेशमाचा पुरावा नव्हे. विणताना तंतू एका दिशेला झुकतात. झुकलेल्या बाजूने बघितलं तर फिका दिसतो, उलट्या बाजूने गडद. लोकरीतही थोडं होतं आणि चमकदार व्हिस्कोसमध्ये तर रेशमाइतकंच. घरात गालिचा कुठल्या तोंडाने टाकायचा हे त्यावरून ठरवा, तेवढाच त्याचा उपयोग.

काश्मिरी हातगाठीच्या गालिच्याला जीआय आहे आणि तपासून आलेल्या मालावर क्यूआर कोडचं लेबल असतं. ते स्कॅन करून धागा आणि गाठींची माहिती बघता येते. महाग वस्तू घेताना ते मागा. रेशीम म्हणजे नेमकं काय तेही विचारा. पुष्कळदा वरचा तंतू रेशमी आणि ताणा सुती असतो. ही फसवणूक नाही, पण किंमत वेगळी असते.

अवांतर : तिथल्या विणकरांची ‘तालीम’ म्हणून एक लिपी असते. कुठल्या रंगाच्या किती गाठी ते कागदाच्या पट्ट्यांवर खुणांनी लिहिलेलं. एकजण ते सुरात वाचतो आणि मागावर बसलेले ऐकत गाठी मारतात. नक्षीचं चित्र समोर नसतंच.

हडसनकाठ
आमच्याकडचा तिढा उलटाच. न्यू यॉर्कमध्ये पुष्कळ भाड्याच्या घरांच्या करारात ऐंशी टक्के फरशी झाकलेली हवी असं कलम असतं, खालच्या मजल्यावरच्यांना पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून. म्हणजे हौस असो नसो, गालिचा घ्यावाच लागतो. आम्ही येताना आईकडच्या दोन सतरंज्या आणल्या, त्याही मोजणीत धरल्या.

तुमचंही घर वरच्या मजल्यावर असेल आणि मुलगा उड्या मारत असेल तर खाली जाड फेल्टचा पॅड टाका. आवाजात बराच फरक पडतो आणि गालिच्याचं आयुष्यही वाढतं.

कुणी इकडे नवा इराणी गालिचा घ्यायचा विचार करत असेल तर २०१८ पासून अमेरिकेत त्यांच्या आयातीवर पुन्हा बंदी आहे, एवढं लक्षात ठेवा. जुने आधी आलेले विकायला असतात.

ओसाडगावकर
खालच्यांच्या तक्रारीवर करारात कलम! आमच्या सोसायटीत वरचे रात्री अकराला मिक्सर लावतात, त्याला कुठला गालिचा?

मिरजेची_मावशी
मिक्सरखाली जेन घाला.

पिंपळपार
पुण्यात असाल तर येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात एक चक्कर मारा. कैद्यांनी केलेल्या वस्तू असतात. सतरंज्या त्या वेळी असतील-नसतील, पण असल्या तर वीण दणकट असते.

तुरुंगातल्या गालिच्यांना मोठा इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात येरवडा, आग्रा, लाहोर, जयपूर इथल्या तुरुंगांत उत्तम गालिचे विणले जायचे. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला तो अवाढव्य अखंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणून व्हिक्टोरिया राणीसाठी पाठवला होता. १९९२ ला तिथे आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला सैनिकांची पलटणच लागली.

ओसाडगावकर
सैनिक कशाला, आपल्याकडचे कार्यकर्ते पाठवले असते. सतरंज्या उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, उमेदवारी मात्र आयत्या वेळी पक्षात आलेल्याला.

खडूस_पेठकर
आज पहिल्यांदा ओसाडगावकरांशी सहमत.

रानजाई
या धंद्यात बालमजुरी फार होती, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कैलास सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये रगमार्क नावाचं लेबल सुरू झालं, आता त्याला गुडवीव्ह म्हणतात. लेबल नाही म्हणजे लहान मुलांनीच विणलंय असं नव्हे, पण हाताने विणलेलं घेताना दुकानात विचारावं. उत्तर देताना विक्रेता चाचरला तर आपण काय ते ठरवावं.

झिम्मा
महत्त्वाचा मुद्दा, रानजाई.

मी स्वच्छतेबद्दल विचारते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी गालिचा बघताक्षणी ‘वहिनी, हे माझ्याच्यानं नाही व्हायचं’ सांगितलं. रोबो व्हॅक्यूम झालर गिळतो आणि मध्येच आचके देत बसतो. तुम्ही सगळे काय करता?

मिरजेची_मावशी
झालर खाली दुमडून टाक, रोबोचे आचके थांबतील. नाहीतर पुढच्या वेळी बिनझालरीचा घे. आठवड्यातून दोनदा साधा व्हॅक्यूम, फिरत्या ब्रशशिवाय. केसांच्या दिशेने. महिन्यातून एकदा उलटा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरव, मग उचलून बघ खाली किती माती निघते. पेठकरांचं धुळीबद्दलचं म्हणणं तेव्हा पटतं, त्यांना सांगू नकोस.

सांडलं तर घासायचं नाही. जुना पंचा दाबून टिपून घ्यायचं, कडेकडून मध्याकडे. मग गार पाण्यात ईझीचे दोन थेंब. गरम पाणी घातलंस तर दुधाचा डाग कायमचा मुक्कामाला आला म्हणून समज. हळदीची भाजी सांडली तर मात्र देवाचं नाव घे आणि तेवढा भाग उन्हात ठेव. हळद उन्हाने उडते.

ताणाबाणा
मावशींच्या यादीत एक भर : टफ्टेड गालिचा कधीही भिजवून धुवू नका. लेटेक्स सुटतं. सतरंजी बिनधास्त गच्चीवर पाइपने धुवा, पण ६ बाय ९ ची ओली सतरंजी उचलायला दोन माणसं लागतात. आणि सुती सतरंजीचा रंग जातो का ते आधी कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या फडक्याने बघा. गडद लालवर माझा कधीच विश्वास नसतो.

चांदणचुरा
सगळं वाचून घरात चर्चा झाली. साडेसात बाय नऊची चादर बाल्कनीच्या दाराला अडत होती आणि सासूबाईंच्या वाटेतही येत होती. पाच बाय साडेसात सोफ्यासमोर तोकडी वाटली. म्हणून ६ बाय ९ नक्की. मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत लोकर नको, जाड सुती दरीच घ्यायची आणि खाली रबरी अंडरले. नवलगुंदचा जमखाना बेळगावच्या नणंदेला बघायला सांगितलाय, नाहीच मिळाला तर येरवडा. उरलेल्या पैशांवर नवऱ्याचा डोळा आहे.

कृष्णाकाठ, जमखाना खरा आहे हे कसं ओळखायचं? नणंद विचारतेय.

कृष्णाकाठ
दोन्ही बाजू बघायला सांगा, नक्षी दोन्हीकडे सारखी हवी. हातात जड लागायला हवा आणि कडा हाताने गुंफलेल्या असतात. ‘नवलगुंद’ नाव लावून यंत्रमागावरची पातळ सतरंजीही विकतात. ती दोन बोटांत धरून चोळली तर लगेच ढिली लागते. शक्य असेल तर विणणाऱ्यांकडून थेट मागवा, वेळ लागतो पण रंग आपल्या पसंतीचे मिळतात.

पायाला_भिंगरी
शेवटचा प्रश्न. मांजर आहे. दरी चालेल की नखं काढून वाट लावेल?

ताणाबाणा
मांजराला सुटे फासे सापडले की संपलं, त्यामुळे लूप पाइल (फासे न कापलेला प्रकार) घेऊ नका. घट्ट विणीची दरी किंवा कापलेल्या तंतूंचा, आखूड केसांचा गालिचा त्यातल्या त्यात टिकतो. धागा ओढून बाहेर काढलाच तर खेचू नका, वरच्या वर कात्रीने कापा. आणि अंडरले घ्याल तो गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर आत कापा. बाहेर राहिलेली रबराची कड मांजर पहिल्याच दिवशी कुरतडतं.